शेजारी कोण यावे

मुलुंड पूर्वेला माझी मुलगी राहते. लग्नानंतरची पहिली काही वर्षे भाड्याच्या घरात काढून, दोघांच्या पगारावर वीस वर्षांचे कर्ज घेऊन त्यांनी दोन खोल्यांची सदनिका घेतली. कर्जाचे हप्ते अजून संपायचे आहेत. २०२४ च्या दिवाळीपूर्वी मी सांगलीहून आठ दिवस तिच्याकडे राहण्यास गेले, तेव्हा त्यांच्या इमारतीत दुसरा विषय नव्हता. जिन्यात, देरासराच्या पायरीवर, भाजीच्या गाडीपाशी, जिथे चार माणसे उभी राहत तिथे एकच प्रश्न विचारला जाई : ते लोक इथे खरोखर येणार का?

‘ते लोक’ म्हणजे दोन प्रकारचे. केळकर महाविद्यालयाच्या परिसरात महापालिकेने प्रकल्पग्रस्तांसाठी सात हजारांहून अधिक घरांची योजना आखली होती. रस्ते, पूल, नाले रुंद करताना ज्यांची घरे पाडली जातात त्यांना ती मिळायची होती. या योजनेविरुद्ध मुलुंडकर २०२३ पासून रस्त्यावर उतरत होते. त्यातच सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील मिळून २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय घेतला. त्यातील ५८.५ एकर मुलुंडची. धारावीत १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांना तिथेच ३५० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. त्यानंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना मात्र धारावीबाहेर जावे लागणार. सरकारी भाषेत ते ‘अपात्र’. अपात्र हा शब्द मी त्या आठ दिवसांत इतक्या वेळा ऐकला की तो जणू माणसांचा एखादा वर्ण असावा असे वाटू लागले.

मुलुंडकरांच्या बाजूने जे बोलायचे ते आधी बोलले पाहिजे. मुंबईने या उपनगराकडे फार काळ मागचे अंगण म्हणून पाहिले. १९६७ पासून शहराचा कचरा मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवर येत असे. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबला. अर्धशतक दुर्गंधी सोसलेल्या माणसांना, आता कुठे मोकळा श्वास घेतो तोच शहराने आपल्या अडचणी पुन्हा आमच्याच दारात आणून टाकल्या, असे वाटले तर त्यात अस्वाभाविक काही नाही. स्थानकावर सकाळी लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मिठागरे ही पावसाचे आणि भरतीचे पाणी सामावून घेणारी सखल जमीन आहे. तिच्यावर भराव घातला तर ते पाणी कुठे जाईल, हा प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. सांगलीत राहणाऱ्याला तर तो शिकवावाच लागत नाही.

माझे जावई इमारतीच्या समितीवर आहेत. त्यांनी एक निवेदन लिहिले होते आणि मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवलेली असल्यामुळे, “आई, शुद्धलेखनावरून एकदा नजर फिरवा,” असे म्हणून कागद माझ्या हाती दिला. पहिली चार वाक्ये पाणी, सांडपाणी, रुग्णालय आणि मिठागरे यांविषयी होती. चांगली, नेटकी वाक्ये. पाचव्यात असे होते की, या वस्तीमुळे परिसरातील सुसंस्कृत व शांत वातावरण बिघडेल, गुन्हेगारी वाढेल आणि रहिवाशांनी कष्टाने घेतलेल्या घरांच्या किमती घसरतील. शुद्धलेखनाची चूक त्या वाक्यात एकही नव्हती. मी म्हटले, “अहो, पहिली चार वाक्ये घरांविषयी आहेत, हे पाचवे माणसांविषयी आहे. चारांना उत्तर देणे सरकारला भाग पडेल. पाचव्यामुळे मात्र वाचणाऱ्याला वाटेल की मूळ हरकत हीच आहे, बाकीची चार तिला झाकण्यासाठी आहेत.”

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “आई, ज्यांच्या सह्या घ्यायच्या आहेत ते पाचव्या वाक्यावरच सही करणार आहेत.”

या उत्तराने मला बराच वेळ झोप लागली नाही. कारण ते खरे होते, आणि किमतीची भीती ही केवळ क्षुद्र भीती नसते. व्यापारी घरातील आपल्याला हे ठाऊक आहे. ज्याची सारी पुंजी एका सदनिकेत अडकलेली आहे त्याला तिची किंमत म्हणजे मुलांचे शिक्षण, म्हातारपण आणि अडीअडचण सारे काही असते. म्हणून ती भीती खरी ठरते का, हे पाहायला हवे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची मुले अमेरिकेत न्यू जर्सीत आहेत. त्याच राज्यात माउंट लॉरेल नावाचे एक गाव आहे. एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय बाईंचे कुटुंब तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले. पण नवी, मोठी घरे होऊ लागली तसे गरिबाला परवडेल असे घर बांधण्यास गावाने परवानगी नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वाढत्या प्रत्येक गावाने आपापल्या न्याय्य वाट्याची परवडणारी घरे होऊ दिली पाहिजेत. तरीही विरोध मिटला नाही आणि एथेलबाईंच्या नावाच्या त्या १४० घरांपैकी पहिली घरे उभी राहायला २००० साल उजाडले. तोवर त्या हयात नव्हत्या. पुढे डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह त्या वसाहतीचा अभ्यास केला. त्याचे पुस्तक २०१३ साली निघाले. गुन्हे वाढले का, कर वाढले का, शेजारच्या घरांच्या किमती उतरल्या का, हे त्यांनी आसपासच्या तशाच गावांशी ताडून पाहिले. तिन्ही भीतींना आधार सापडला नाही. शेजारच्या कित्येक रहिवाशांना तर ती वसाहत तिथे आहे हेही ठाऊक नव्हते.

जावयांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच नेमके बोट ठेवले : “तिथे १४० घरे होती. इथे सात हजार.” हे त्यांचे म्हणणे मला बिनतोड वाटते. किंबहुना सारा प्रश्न या एका आकड्यातच आहे.

मुंबईने गरिबांसाठी जी घरे बांधली ती कशी बांधली? गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथील पुनर्वसन इमारती इतक्या जवळजवळ उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, वारा फिरत नाही. तिथल्या क्षयरोगाचा संबंध इमारतींच्या रचनेशी असल्याचे डॉक्टरांच्या अभ्यासात दिसून आले. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे २०१७ पासून माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. लोक आजारी पडू लागले. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की कोणालाही तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही; पर्यायी घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. ज्या वस्तीत सूर्य येत नाही, पोरांना खेळायला जागा नाही, पुरुषांचे काम वीस किलोमीटरवर राहिले, तिथे चार वर्षांत काय होईल? मग आपण त्या वस्तीकडे बोट दाखवून म्हणतो, पाहा, हे लोक असेच. त्यांना तसे राहायला लावणारी रचना कोणी केली, तिच्या मागे कोणाचा नकार होता, हे विसरून जातो. जिथे विरोध करणारे बळकट असतात तिथे घरे होत नाहीत. जिथे विरोध करायला कोणी नसते, किंवा ज्यांचे कोणी ऐकत नाही, तिथे सगळी एकदम होतात. मुलुंडवर तेव्हा सात हजार घरे येऊन पडत होती, कारण मुंबईच्या इतर पन्नास विभागांनी आपल्या वाट्याच्या दीडशे-दोनशे घरांना वेळोवेळी नाही म्हटले आहे.

म्हणून मी सुचवले की पाचव्या वाक्याच्या जागी असे लिहा : एकाच ठिकाणी इतकी घरे न बांधता प्रत्येक विभागात थोडी थोडी बांधावीत, आमच्या विभागाच्या वाट्याला येतील तेवढ्यांचे आम्ही स्वागत करू. समितीची बैठक झाली. पाचवे वाक्य काढले गेले, हे मान्य करायला हवे. माझ्या वाक्याचा पहिला अर्धाही ठेवला. दुसरा अर्धा एका आजोबांनी पेन्सिलीने खोडला.

त्याच बैठकीनंतर एका भगिनींनी मला बाजूला घेऊन विचारले, “तुम्ही आपल्यातल्या असून असे कसे म्हणता? त्यांचे खाणेपिणे आपल्या दाराशी चालेल?” हा प्रश्न आपल्या घरांत मोठ्याने विचारला जात नाही, पण असतो, म्हणून तो टाळू नये. आपल्या इमारतीत कोणाला सभासद करावे याचे नियम असतात. २००५ साली पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेला असा निर्बंध ठेवता येतो असे मानलेही आहे. पण कायदा ज्याला परवानगी देतो तो इमारतीच्या भिंतींपुरता विषय आहे. रस्त्यापलीकडच्या जमिनीवर आपला आहार लागू होत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे व्रत घेणाऱ्याने घ्यायचे असते. रात्रिभोजन मी सोडते ते माझ्यासाठी; शेजारच्या घरात रात्री चूल पेटली म्हणून माझे व्रत भंगत नाही. सांगलीत आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत सर्व जातींची, सर्व आहारांची घरे आहेत. माझ्या सासूबाईंनी त्याच गल्लीत शेवटपर्यंत कंदमुळाला हात लावला नाही, आणि त्यासाठी गल्ली रिकामी करून मागितली नाही.

माझे माहेर साताऱ्याचे. तिथल्या व्यापारी पेठेत मोठी झालेली कोणतीही जैन मुलगी कर्मवीर अण्णांच्या गोष्टी ऐकतच मोठी होते. भाऊराव पाटील जन्माने कुंभोजचे, जैन घराण्यातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर स्नान करून मग पंक्तीला बसावे, अशी अपेक्षा होती. त्यांनी स्नान केले नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. १९१९ मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. धनिणीच्या बागेतल्या त्या वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करून जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. मला एवढेच म्हणायचे आहे की ही मुले चित्रातली नव्हती. डोक्यात उवा असलेली, अर्धपोटी, खेड्यापाड्यांतून आलेली शेकडो पोरे नांदत्या गावात येऊन राहिली होती, आणि त्या काळच्या सभ्य लोकांना तो शेजार मानवणारा नव्हता. आज आपण त्याच अण्णांच्या पुतळ्याला हार घालतो.

दुसरी एक गोष्ट आपल्या विस्मरणात गेली आहे. या भागात व्यापारी म्हणून आपण रुजलो ते कोणीतरी जागा दिली म्हणून. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली, पुढे जयसिंगपूर हे आखीवरेखीव बाजारगाव उभे केले आणि व्यापाऱ्यांना तिथे येऊन राहण्यास बोलावले. सांगलीच्या संस्थानानेही आमच्या पूर्वजांना असेच बोलावले असे आमच्या घरात सांगतात. आमचे पूर्वज वेगळी भाषा बोलत, वेगळे जेवत. गावातल्या जुन्या लोकांनी तेव्हा निवेदन दिले असते तर?

पण इतिहासापेक्षाही मला जास्त टोचते ते वर्तमान. मुलीच्या इमारतीत चाळीस सदनिका आहेत. त्यांपैकी सातांना कायम कुलूप. मालक दुसरीकडे राहतात, घर गुंतवणूक म्हणून घेतलेले. काही आपल्याच समाजातले. ही एका इमारतीची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेच्या आधारे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी असल्याचे नोंदले आहे. एकीकडे घर नाही म्हणून मिठागरे बुजवायची, दुसरीकडे बांधलेली घरे कुलपात. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहपरिमाण आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यांत सोन्याचांदीच्या आणि धनधान्याच्याही आधी क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर यांचे नाव येते. पर्युषणात आपण हिरव्या भाज्यांची मर्यादा करतो, प्रवासाची मर्यादा करतो. तिसऱ्या सदनिकेची मर्यादा केलेला श्रावक माझ्या पाहण्यात दोनच. दोघेही आता हयात नाहीत.

सांगलीला परतले तेव्हा बाजारात जुन्या हळदीचे थोडे सौदे चालू होते. आमची हळदीची अडत आहे. मार्केट यार्डात पोती उतरवणारे हमाल पिढ्यांचे ओळखीचे. त्यांतले बरेचसे कृष्णेच्या काठच्या सखल भागात राहतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट ही नावे सांगलीकराला पुराच्या बातमीतून पाठ झालेली आहेत, कारण नदी चढली की पहिले पाणी तिथे शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा सांगली चार-पाच दिवस एक झाली होती. विश्रामबागेच्या मंगल कार्यालयांत आणि शाळांत हमाल, अडते, डॉक्टर एका सतरंजीवर झोपले. आपल्या संस्थांनी स्वयंपाकघरे चालवली, आणि पंक्तीत कोणी कोणाची जात विचारली नाही. पाणी ओसरल्यावर सगळे एका आवाजात म्हणाले की पूररेषेतल्या वस्त्या उंच जागी हलवल्या पाहिजेत. उंच जागा म्हणजे विश्रामबाग आणि त्यापलीकडचा पट्टा. तिथे आपले बंगले आहेत. ‘हलवल्या पाहिजेत’ इथवर एकमत होते. ‘कुठे’ या शब्दापाशी सभा संपते.

सांगलीने हे एकदा वेगळ्या रीतीने करून पाहिले आहे, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. केंद्राच्या झोपडपट्टी विकासाच्या कार्यक्रमाखाली २००९ च्या सुमारास आपल्या महापालिकेने पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या वास्तुविशारदांच्या संस्थेबरोबर सांगली-मिरज-कुपवाडच्या वस्त्यांचा घर-घर नकाशा केला. सगळ्यांना उचलून गावाबाहेर एका मैदानात टाकण्याऐवजी शक्य तिथे त्याच जागी, नाहीतर जवळपासच्या जागी घर द्यायचे; जवळच्या दोन-तीन वस्त्या एकत्र जोडायच्या; आराखड्यावर बायकांशी बोलायचे; कुटुंबानेही आपला वाटा भरायचा, अशी ती कल्पना. काम रेंगाळले, खर्च वाढला, तक्रारी झाल्या, ते सगळे झाले. तरी कल्पना शहाणपणाची होती : माणसाचे काम, मुलांची शाळा आणि ओळखीचा दुकानदार यांपासून त्याला तोडायचे नाही. पुण्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरांत मोठ्या गृहप्रकल्पांना २० टक्के घरे लहान उत्पन्नगटांसाठी ठेवण्याचा नियम २०१३ मध्ये आला. २०११ च्या जनगणनेत आपल्या तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या पाच लाख. त्यामुळे तो आपल्याला लागू झाला नाही. लागू नसलेला नियम पाळायला कोणी मना केलेले नाही, आणि सांगली-साताऱ्यात इमारती बांधणाऱ्यांत, त्यांत पैसा गुंतवणाऱ्यांत आपली घरे थोडी नाहीत.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. आमच्याकडचे एक वयस्क हमाल, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्या वेळी आदल्या रात्रीच ट्रंक आणि शिधापत्रिका घेऊन यार्डात येऊन बसले होते. २०१९ ने तेवढे शिकवले होते. मुलुंडहून आल्यावर मी त्यांना विचारले, “मामा, विश्रामबागेकडे घर मिळाले तर जाल का?” त्यांनी आधी विचारले, तिथून यार्ड सायकलने किती लांब पडेल. मी म्हटले, जवळच की. मग त्यांनी विचारले, “वहिनी, पर तितली लोकं राहू देतील का?”

हा प्रश्न मी आमच्या वसाहतीच्या पुढच्या मासिक सभेत विषयपत्रिकेवर घालण्यास दिला आहे. त्या बाजूला महापालिकेची एक मोकळी जागा आहे, बाभळी वाढलेली. सचिवांनी विषय स्वीकारला आहे. क्रमांक नववा, वाहनतळाच्या नंतर.